संपूर्ण स्वादुपिंड काढण्याचा निर्णय : केव्हा योग्य, केव्हा नाही?

पोटातला एक अवयव असा आहे की त्याचे नाव बहुतेक घरांत तो बिघडल्यावरच पहिल्यांदा ऐकायला मिळते. मराठीत त्याला स्वादुपिंड म्हणतात, उर्दूत लबलबा. जिगर, गुर्दा, तिल्ली हे शब्द आपल्या घरातील लहान मुलांनाही माहीत असतात. लबलबा मात्र शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातच राहून जातो. मग एखाद्या दिवशी सीटी स्कॅनचा इंग्रजी रिपोर्ट घरात येतो, मोठ्या शहरातील सर्जन "पूर्ण स्वादुपिंड काढावे लागेल" असे सांगतात आणि सगळ्या घराचे हातपाय गळतात.

परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, कुठेही जा, असे रिपोर्ट वाचून घेण्यासाठी लोक गावातल्या शिक्षकाकडे येतात. आम्ही डॉक्टर नाही. पण रिपोर्ट वाचून दाखवताना घरच्यांचे बोलणे कानावर पडते आणि त्यात दोन सूर नेहमी असतात. एक म्हणतो, "अवयवच काढला तर माणूस जगणार कसा? नकोच ते ऑपरेशन." दुसरा म्हणतो, "रोजचा त्रास तरी संपेल, एकदाचे काढून टाका." दोन्ही बोलणी मायेपोटीच असतात, पण दोन्ही घाईची आहेत. हे ऑपरेशन काही रुग्णांसाठी योग्य असते, पुष्कळांसाठी नसते. ते कुणासाठी योग्य, हे समजून घेतले तर डॉक्टरांशी नीट बोलता येते. त्यासाठीच हा लेख.

हा अवयव करतो काय?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. लांबी साधारण १५ सेंटीमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते आणि शेपूट डाव्या बाजूला प्लीहेपर्यंत, म्हणजे आपल्या तिल्लीपर्यंत, पोहोचते. यकृतातून येणारी पित्ताची नळी त्याच्या डोक्यातून जाते. म्हणून डोक्यात गाठ झाली की पित्त अडते आणि कावीळ होते.

या एका अवयवाकडे दोन कामे आहेत. पहिले काम पचनाचे. जेवणातील तेल-तूप, पिष्ट आणि मांस-डाळींतील प्रथिने फोडणारे पाचक रस तो तयार करतो आणि एका नळीतून आतड्यात सोडतो. दुसरे काम साखर सांभाळण्याचे. त्याच्या आत पेशींचे बारीक बारीक पुंजके विखुरलेले असतात. पाउल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ते प्रथम नोंदवले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. वजनाने ती संपूर्ण ग्रंथीच्या एक-दोन टक्केच असतात, पण इन्सुलिन तिथेच तयार होते. साखर कमी झाली की ती वर आणणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही तिथूनच येते.

पूर्ण स्वादुपिंड काढले की ही दोन्ही कामे एकाच दिवशी बंद पडतात. या निर्णयाचे सगळे वजन या एका वाक्यात आहे.

काढल्यावर माणूस जगतो का?

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्हस्की या दोन संशोधकांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला तीव्र मधुमेह झाला. मधुमेहाचे मूळ या ग्रंथीत आहे, हे त्यातून कळले. पण त्यावर इलाज नव्हता. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिले गेले. त्यानंतरच संपूर्ण स्वादुपिंड काढून रुग्ण जगवणे शक्य झाले. १९४० च्या दशकात अमेरिकेत अशी ऑपरेशने यशस्वी होऊ लागली.

पुढे असा काळ आला की कर्करोगात सरसकट पूर्ण ग्रंथी काढावी, असे काही सर्जनांना वाटू लागले. जास्त काढले तर रोग मुळासकट जाईल, हा हिशेब. पण रुग्ण त्यामुळे जास्त जगले नाहीत, उलट अनावर मधुमेहाने बेजार झाले. म्हणून ती पद्धत मागे पडली. अलीकडच्या काळात चांगले इन्सुलिन, घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र आणि पाचक कॅप्सूल आल्यामुळे हे ऑपरेशन पुन्हा केले जाते, पण निवडक रुग्णांमध्येच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, माणूस जगतो. अनेकजण कामधंदाही करतात. पण ते जगणे इन्सुलिन आणि कॅप्सूल यांच्या आधारावर असते, आणि तो आधार आयुष्यभर एक दिवसही सुटता कामा नये.

पूर्ण काढणे केव्हा योग्य ठरते?

सर्जन साधारणपणे रोग जिथे आहे तेवढाच भाग काढतात. रोग डोक्यात असेल तर डोके, त्यासोबत लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढतात. ॲलन व्हिपल या सर्जनने १९३५ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला व्हिपल ऑपरेशन म्हणतात. रोग शेपटीकडे असेल तर तेवढी बाजू काढतात. उरलेला भाग थोडा का होईना इन्सुलिन आणि पाचक रस देत राहतो. म्हणूनच "थोडा भाग ठेवता येणार नाही का?" हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारला पाहिजे. ठेवलेला भागच रुग्णाला धोक्याचा ठरणार असेल, तेव्हाच पूर्ण काढणे योग्य. अशा परिस्थिती मोजक्या आहेत.

पहिली, रोग संपूर्ण ग्रंथीत पसरलेला असणे. मुख्य नळीच्या आतल्या अस्तरात चिकट द्रव तयार करणाऱ्या काही गाठी होतात. सुरुवातीला त्या कर्करोग नसतात, पण पुढे कर्करोगात बदलू शकतात. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतील तर अर्धी ग्रंथी ठेवून उपयोग नसतो. काही घराण्यांत आनुवंशिक कारणाने ग्रंथीत अनेक ठिकाणी गाठी होतात. मूत्रपिंडाचा कर्करोग पुढे काही वर्षांनी स्वादुपिंडात अनेक जागी उगवल्याचेही आढळते. अशा निवडक रुग्णांत पूर्ण काढण्याचा विचार होतो.

दुसरी, ऑपरेशन चालू असताना कापलेल्या कडेवर रोग सापडणे. सर्जन कडेचा तुकडा लगेच तपासणीला पाठवतात. त्यात रोग निघाला तर आणखी थोडे कापतात. असे करत करत कधी संपूर्ण ग्रंथी काढावी लागते. म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या संमतिपत्रावर ही शक्यता लिहिलेली असते. सही करण्याआधी ती समजून घ्यावी, म्हणजे ऑपरेशननंतर "आम्हाला सांगितलेच नव्हते" असे म्हणण्याची वेळ येणार नाही.

तिसरी, मोठ्या ऑपरेशननंतर उरलेल्या भागाच्या जोडातून पाचक रस गळू लागणे आणि रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग आटोक्यात न येणे. तेव्हा उरलेला भाग काढणे हा शेवटचा उपाय असतो. तो जीव वाचवण्यासाठी करतात आणि त्यात धोका फार मोठा असतो.

चौथी, स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेचे असह्य दुखणे, जे इतर कोणत्याही उपायाने थांबत नाही. तरुण वयातले रुग्ण यात बरेच असतात, म्हणून याविषयी जरा सविस्तर.

दुखण्यासाठी ऑपरेशन : आधी पायऱ्या चढा

जुनाट सुजेत ग्रंथी हळूहळू कडक होते, नळीत खडे होतात, जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात सुरू झालेले दुखणे पाठीत जाते. रुग्ण जेवायलाच भितो, वजन घटते. मुले शाळा सोडतात, कमावता माणूस घरी बसतो. आपल्याकडे सुरुवातीची काही वर्षे हे दुखणे "गॅस" म्हणूनच काढली जातात. तावीज-गंडे होतात, गल्लीतल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या येतात. दुआ जरूर करावी. पण पाठीत जाणारे, पुन्हा पुन्हा येणारे असे दुखणे असेल तर त्याची सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्याही झाल्या पाहिजेत. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. नबी (स.) यांनी उपचार घेण्याचीच शिकवण दिली आहे.

निदान झाल्यावर उपायांच्या पायऱ्या आहेत. दारू असेल तर ती आणि धूम्रपान पूर्ण बंद. आहार, पाचक कॅप्सूल आणि वेदनाशामक औषधे. नळीत खडे असतील तर शरीराबाहेरून धक्कालहरी देऊन ते फोडता येतात, दुर्बिणीने काढता येतात, नळीत स्टेंट ठेवता येतो. हैदराबादची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी ही डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांची संस्था या कामासाठी जगभर ओळखली जाते. त्यानंतरची पायरी म्हणजे फुगलेली नळी लांबवर उघडून आतड्याला जोडणे, किंवा त्याबरोबर डोक्याचा कडक झालेला भाग कोरून काढणे. या ऑपरेशनांत बरीचशी ग्रंथी जागेवर राहते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे असे ऑपरेशन लवकर केले, त्यांचे दुखणे पुढच्या दीड वर्षात आधी दुर्बिणीचे उपाय केलेल्यांपेक्षा कमी राहिले. म्हणजे वर्षानुवर्षे स्टेंट बदलत बसणे हाच नेहमी सुरक्षित मार्ग असतो असे नाही. योग्य वेळी केलेल्या लहान ऑपरेशनमुळे पूर्ण काढण्याची वेळ टळू शकते.

हे सगळे करूनही दुखणे थांबले नाही, किंवा नळी इतकी बारीक आहे की जोडण्याजोगे काही नाही, किंवा आजार जन्मजात जनुकीय आहे आणि साऱ्या ग्रंथीत आहे, तेव्हाच पूर्ण काढण्याचा विचार करतात.

स्वतःच्याच पेशी परत देण्याचा उपाय

अशा दुखण्याच्या रुग्णांसाठी एक दिलाशाची गोष्ट आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड आणि जॉन नजारियन यांच्या पथकाने एक नवा प्रयोग केला. काढलेल्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणारी बेटे प्रयोगशाळेत वेगळी करून त्यांनी ती त्याच रुग्णाच्या यकृतात, रक्तवाहिनीवाटे, परत सोडली. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्या नाकारत नाही. त्या यकृतात रुजतात आणि तिथे इन्सुलिन बनवू लागतात.

त्या विद्यापीठाने ४०९ रुग्णांचा अनुभव २०१२ मध्ये मांडला. तीन वर्षांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांना इन्सुलिन लागत नव्हते, आणखी सुमारे ३३ टक्क्यांत पेशी अंशतः काम करत होत्या. मुलांमध्ये निकाल प्रौढांपेक्षा चांगले होते. ८५ टक्के रुग्णांचे दुखणे कमी झाले. म्हणजे फायदा खरा आहे, पण "मधुमेह होणारच नाही" अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि दुखणेही प्रत्येकाचे जात नाही. भारतात हा उपाय मोजक्याच ठिकाणी होतो. हैदराबादला तो झालेला आहे.

हा उपाय कर्करोगात सहसा करत नाहीत, कारण पेशींबरोबर रोगही यकृतात जाण्याचा धोका असतो. ज्यांना आजारामुळे आधीच पक्का मधुमेह झाला आहे, त्यांच्यात परत देण्याजोग्या पेशीच फार थोड्या उरतात. सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीतून याचा अंदाज येतो.

दारूचा संशय

जुनाट सुजेचे एक मोठे कारण दारू आहे, हे खरेच. पण या एका वाक्यामुळे आपल्या समाजात किती घरांवर अन्याय होतो! ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्या मुलाकडे नातेवाईक संशयाने पाहू लागतात. लग्नाच्या बोलण्यांत कुजबूज होते. म्हणून घरचे आजार लपवतात आणि उपचाराला उशीर होतो.

वस्तुस्थिती अशी आहे की भारतात दारू न पिणाऱ्या तरुणांत आणि लहान मुलांतही हा आजार आढळतो. केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांचा मोठा अभ्यास केला. त्यांच्या ग्रंथीत खडे होत आणि कमी वयातच मधुमेह होई. पुढे हैदराबाद आणि इतर ठिकाणच्या संशोधनातून दिसले की यांपैकी अनेकांत 'स्पिंक-१' नावाच्या जनुकात बदल असतो. तो आईबापांकडून येतो आणि त्यात कुणाचाच गुन्हा नसतो. तेव्हा एखाद्या घरात हा आजार निघाला तर "पीत होता का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारू द्या. शेजाऱ्यांनी तो विचारू नये. पुराव्याशिवाय वाईट गुमान करण्यापासून आपल्या दीनने आपल्याला रोखले आहे.

कर्करोगात घाई कशाची, सबुरी कशाची?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यामुळे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे नाव महाराष्ट्रात घराघरात पोहोचले. २०१८ च्या सुरुवातीला ते आजारी पडले. मुंबई, अमेरिका, दिल्ली येथे उपचार झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. सर्व साधने हाताशी असलेल्या माणसाचेही या रोगापुढे असे होते, कारण तो बहुधा उशिरा कळतो. निदान होते तेव्हा साधारण पाचांपैकी एकाच रुग्णाची गाठ काढण्याजोगी असते.

रोग यकृतात किंवा पोटात इतरत्र पसरला असेल तर पूर्ण स्वादुपिंड काढूनही आयुष्य वाढत नाही, फक्त हाल वाढतात. तिथे केमोथेरपी, पित्तनळीत स्टेंट आणि दुखण्यावर नीट उपचार हाच योग्य मार्ग. "शेत विकतो पण ऑपरेशन करा" असा आग्रह धरणाऱ्या मुलांना हे समजावणे कठीण जाते. पण अब्बांचे उरलेले महिने आयसीयूत जावेत की घरात, माणसांत जावेत, हाही विचार करायचा असतो. उलट गाठ काढण्याजोगी आहे असे तज्ज्ञ सांगत असतील तर भीतीपोटी महिने दवडू नयेत. न दुखता आलेली कावीळ, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला मधुमेह आणि त्याबरोबर घटणारे वजन, ही लक्षणे दिसताच तपासणी करावी. झाडपाल्याच्या काविळीच्या औषधात काही आठवडे गेले तरी फार नुकसान होते.

ऑपरेशननंतरचे घर

पूर्ण स्वादुपिंड काढण्याचे ऑपरेशन काही तासांत संपते. त्यानंतरचे काम घराने करायचे असते, आणि निर्णय घेताना तेच सर्वांत कमी बोलले जाते.

या रुग्णाचा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा नसतो. इन्सुलिनही नाही आणि साखर वर आणणारे ग्लुकागॉनही नाही, त्यामुळे साखर झटक्यात चढते आणि झटक्यात उतरते. दिवसातून अनेक वेळा इन्सुलिन घ्यावे लागते, अनेक वेळा बोट टोचून साखर मोजावी लागते. हात थरथरणे, घाम, चक्कर, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची खूण. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. उलट्या होत आहेत, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणे हेही जिवावर बेतते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीजही जाते. फ्रीज नसेल तर शेजारी सोय करावी. वापरातली कुपी पाणी न शिरेल अशा डब्यात घालून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. बर्फाला चिकटवून गोठवू नये. गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा तिल्लीही काढतात. त्यामुळे काही जंतूंविरुद्धची ताकद कमी होते. म्हणून न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी शक्यतो ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात. पुढे कधीही ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी थांबू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आणि प्रत्येक जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल. त्या घेतल्या नाहीत तर तेल-तूप पचत नाही. शौचाला पातळ, तेलकट, दुर्गंधी होते, वजन घटत जाते, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीराला मिळत नाहीत. मोठ्या जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेज लागते, नाश्त्याला त्याच्या निम्मे. नक्की मात्रा डॉक्टर ठरवतात. जेवून झाल्यावर सगळ्या एकदम घेऊ नयेत, पहिल्या घासाबरोबर काही आणि मध्ये काही घ्याव्यात. चावू नयेत.

कॅप्सूलचा प्रश्न : हलाल की हराम?

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी आपल्या घरांत दबक्या आवाजात विचारली जाते. बाजारात मिळणाऱ्या या कॅप्सूलमधील पँक्रिएटिन बहुतेक करून डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. डॉक्टर हे नेहमी सांगतातच असे नाही. मग कधीतरी कुणी मोबाइलवर वाचून सांगतो आणि रुग्ण त्या दिवसापासून कॅप्सूल बंद करतो, कुणालाही न सांगता. काही महिन्यांत तो हाडांचा सापळा होतो आणि घरचे समजतात की रोग परत आला.

इन्सुलिनच्या बाबतीत हा प्रश्न आता मिटला आहे. पूर्वी इन्सुलिन गाय आणि डुकरापासून काढत. १९८२ पासून जिवाणू आणि यीस्टच्या साहाय्याने बनवलेले मानवी इन्सुलिन वापरात आले. पाचक कॅप्सूलला मात्र तितका परिणामकारक दुसरा पर्याय अजून सहज मिळत नाही. दुकानात मिळणारी पाचक सरबते, ज्यांत बुरशीपासूनचे डायस्टेस किंवा पेप्सिन असते, ती ज्याला स्वादुपिंडच नाही त्याला पुरत नाहीत.

कुरआनच्या सूरह बकराच्या आयत १७३ मध्ये डुक्कर हराम ठरवतानाच, जो लाचार आहे, ज्याच्या मनात त्याची आवड नाही आणि जो गरजेच्या मर्यादेपलीकडे जात नाही, त्याच्यावर गुनाह नाही, अशी सवलत सांगितली आहे. याच आधारावर अनेक उलमांनी औषधाबाबत अशी परवानगी मांडली आहे : गरज खरी असावी, तितकाच परिणामकारक हलाल पर्याय उपलब्ध नसावा, जाणकार डॉक्टरने तसे सांगितलेले असावे आणि मात्रा गरजेपुरतीच असावी.

आमचे सांगणे एवढेच की, आपल्या विश्वासातील मुफ्तींना जरूर विचारा, पण प्रश्न पूर्ण विचारा. "डुकराची कॅप्सूल चालेल का?" एवढेच विचारले तर उत्तरही तेवढ्यापुरतेच मिळेल. रुग्णाला स्वादुपिंड नाही, कॅप्सूल न घेतल्यास अन्न पचत नाही, दुसरा पर्याय आहे का याबद्दल डॉक्टर काय म्हणतात, हे सगळे सांगून विचारा. शक्य असेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या. आणि हे ऑपरेशनच्या आधी करा, म्हणजे रुग्णाच्या मनात सल राहणार नाही.

रमजानचे रोजे

असाच दुसरा प्रश्न रोज्यांचा. मधुमेह आणि रमजान यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ज्यांची साखर वारंवार धोक्याच्या पातळीवर उतरते, त्यांच्यासाठी रोजा अतिशय जोखमीचा आहे. स्वादुपिंड नसलेला रुग्ण याच गटात येतो. सूरह बकराच्या आयत १८४ आणि १८५ मध्ये आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरजूला जेवण, म्हणजे फिदया, हा मार्ग उलमा सांगतात. तरीही आपल्याकडे अम्मी किंवा दादी हट्टाने रोजा धरतात आणि सहरीनंतर इन्सुलिन टाळतात. त्यांना रागावू नका. अल्लाहने दिलेली सवलत घेणे हीही त्याची आज्ञा मानणेच आहे, हे त्यांना प्रेमाने सांगा. इफ्तारच्या दस्तरख्वानावर त्यांचीही जागा ठेवा.

सही करण्याआधी

तर डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत. थोडा भाग ठेवता येईल का, नसेल तर का? याआधीच्या कोणत्या पायऱ्या अजून राहिल्या आहेत? तुमच्या रुग्णालयात अशी ऑपरेशने वर्षाला किती होतात? स्वतःच्या पेशी परत देणे आमच्या रुग्णात शक्य आहे का? इन्सुलिन शिकवायला कोण असेल? ऑपरेशननंतर दरमहा खर्च किती येईल?

ऑपरेशनच्या संख्येचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. स्वादुपिंडाची ऑपरेशने जिथे जास्त होतात तिथे निकाल चांगले असतात, हे जगभर दिसले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे हे काम करत आहेत. परभणी स्टेशनवरून देवगिरी एक्सप्रेस एका दिशेला मुंबई गाठते आणि दुसऱ्या दिशेला सिकंदराबाद. वेळ असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊन यावे. कोणताही समजदार डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत स्वादुपिंडाच्या काही ऑपरेशनांचा समावेश आहे. आपले ऑपरेशन त्यात बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरतीपूर्वीच विचारावे. मात्र इन्सुलिन, साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि कॅप्सूल यांचा खर्च आयुष्यभराचा आहे. त्याचा हिशेब भाऊबहिणींनी एकत्र बसून आधी मांडावा. जकात आणि सदक्याची रक्कम देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. ऑपरेशनच्या दिवशी मदत करणारे पुष्कळ भेटतात. वर्षभराच्या कॅप्सूलची जबाबदारी घेणारा एखादाच भेटतो, आणि रुग्णाला त्याची गरज जास्त असते.

घरात इन्सुलिन टोचायला किमान दोघांनी शिकावे. एकटी बायको किंवा एकटी आई हे ओझे वर्षानुवर्षे उचलू शकत नाही. रात्री दोन वाजता साखर उतरली तर कोण उठेल, हे ज्या घरात आधी ठरले आहे, त्या घराने या ऑपरेशनची खरी तयारी केली असे समजावे.

अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र व ताकद देवो. आमीन.